घर क्रमांक १९२.१६८.१.१

पंचायतीत कारकून म्हणून मी एकतीस वर्षं काढली आणि त्यातली निम्मी तरी घर क्रमांक देण्यात गेली. भाऊ वेगळे झाले, एका चुलीच्या दोन झाल्या, की माणसं माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहत. मूळ घर ४७ असेल तर मी ४७/१, ४७/२, अगदीच हट्टाला पेटले तर ४७/२-अ असं करून तंटा निदान कागदावर तरी मिटवायचो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझी जी शोभा झाली तिची खोली कळेल.

गोव्यात म्हार्दोळचं आमचं घर आजोबांच्या वेळचं, चिऱ्यांचं. भिंती अशा जाड की आत कुणी शिंकलं तर बाहेर पत्ता लागत नाही. इंटरनेटवाल्यांनी केबल माडाला गुंडाळून ओसरीपर्यंत आणली, तिथेच डबा ठोकला आणि गेले. ओसरीवर नेट धो धो, राजांगण ओलांडलं की ठिबक ठिबक आणि देवाच्या खोलीत पार कोरड. गेल्या चवथीला पुण्याच्या मुलीला गणपतीवर टांगलेली फळांची माटोळी दाखवायला बायकोने व्हिडिओ कॉल लावला. कवंडळं, तोरिंगं, चिबूड सगळ्यांचे चौकोनी तुकडे झाले. "आई, तुझा हात गेली पाच मिनिटं नेवरीतच आहे," असं मुलगी म्हणाली आणि फोन मेला. पुढच्या चवथीच्या आत नवा राउटर आला पाहिजे, हे त्याच दिवशी ठरलं. मी ठरवलं नाही, ठरलं.

फोंड्याला गेलो तेही एकच्या आत, कारण त्यानंतर दुकानदार जेवून आडवा होतो. नवा डबा म्हणजे पाठीवर पडलेली कुर्ली, चार पाय वर. "काका, लावायचा आणि विसरायचा," दुकानदार म्हणाला. पुढचे तीन दिवस मी दुसरं काही आठवू शकलो नाही.

जुन्या डब्यातून वायर काढली, राजांगणाच्या कडेकडेने माजघरात नेली, नव्याच्या निळ्या भोकात खुपसली. सगळे दिवे हिरवे, एकच तेवढा कवंडळासारखा लाल. फोनवर अक्षरं आली: कनेक्टेड, इंटरनेट नाही. म्हणजे नातं आहे, पण जेवायला वाढणार नाही.

हेल्पलाइनच्या मुलाने विचारलं, "सर, बंद करके चालू किया?" मी उत्तर देणार एवढ्यात पाऊस कोसळला आणि लाईट गेली, त्यामुळे ते काम आपोआप झालं. लाईट आली, लाल दिवाही आला. मग केबलवाल्या पोराला फोन केला. "दिवो तांबडो काय पाचवो?" म्हटलं, तांबडो. "मागीर फाल्यां येतां." फाल्यां म्हणजे उद्या, असं शब्दकोशात आहे.

शेजारी धाकटा भाऊ राहतो. तो म्हणाला, वायफायचा चॅनल बदल. १, ६ आणि ११ हेच एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. तिन्ही करून पाहिले. बायकोला इन्व्हर्टरचा संशय होता. माझा मात्र रिसेटवर विश्वास. मागच्या बारीक भोकात सेफ्टी पिन घालून दहा आकडे मोजायचे, की डबा जन्मला तेव्हासारखा कोरा. असा मी त्याला सात वेळा जन्माला घातला. आठव्या वेळी बायकोने पिन काढून घेतली, ती तिच्या साडीची होती.

तिसऱ्या रात्री पासवर्ड पुन्हा वाचायला भिंग घेऊन बसलो. नव्या डब्याच्या पोटावर चिकटवलेल्या कागदावर डब्याचा पत्ता लिहिला होता १९२.१६८.१.१. सहज ओसरीवर जाऊन जुना डबा उलटा केला. १९२.१६८.१.१.

एकतीस वर्षांचा कारकून खडबडून जागा झाला. एका घरात दोन बिऱ्हाडं, दोघांचा घर क्रमांक एकच!

फोन नव्या डब्याकडे नेट मागत होता. नव्याने ते जुन्याकडून आणायचं, आणि जुन्याचा पत्ता काय, तर १९२.१६८.१.१. तो तर ह्याचाच. म्हणजे हा बिचारा तीन दिवस आपल्याच दारावर थापा मारून 'घरात कोणी आहे का' विचारत होता. आणि रिसेटने काय होणार? जमिनीचा एक-चौदाचा उतारा सात वेळा काढला म्हणून त्यावरचं नाव बदलतं का?

नंतर वाचलं की १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते १९९६च्या एका दस्तऐवजात खाजगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. अख्ख्या जगात पत्तेच मुळात सुमारे ४२९ कोटी, ते पुरणार कसे? म्हणून ज्याने त्याने आपल्या कुंपणात हेच वापरावेत. शेजाऱ्याचा आणि माझा एक असला तरी बिघडत नाही, एका कुंपणात दोन नकोत. हा नियम मी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला समजावून सांगत आलो होतो, फक्त डब्यांना नाही.

मग वायर काढली, नव्या डब्याचं पान ब्राउझरमध्ये उघडलं आणि तिसऱ्या आकड्यावर एकाचे दोन केले. १९२.१६८.२.१. सही-शिक्का तेवढा राहिला. वायर परत लावली. दोन मिनिटं डबा विचारात पडला आणि कवंडळ पिकायचं सोडून हिरवं झालं. फोनवर नव्या डब्याची दोन नावं दिसतात, त्यातलं पाच गिगाहर्ट्‌झचं वेगवान पण चिऱ्याला घाबरणारं. देवाच्या खोलीसाठी मी २.४चंच घेतलं. वेग कमी असला तरी ते आमच्या भिंतींशी जुळवून घेतं.

केबलवाला पोर अजून यायचा आहे.

सकाळी बायकोने देवाच्या खोलीतून पुण्याला कॉल लावला. चित्र लख्ख, आवाज स्वच्छ. मी दारात छाती पुढे काढून उभा.

"अय्या, किती छान दिसतंय!" मुलगी म्हणाली. "आई, फोन जरा वर कर. माटोळीच्या चौकटीला ती काय, गेल्या वर्षीची सुपारी लटकतेय? आणि केवढी ती जळमटं! बाबा काढत नाहीत का?"

बायकोने फोन तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

"शिडी ओसरीवर आहे," ती म्हणाली.