पावणेसहाची बस

गेल्या वर्षी जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्यातल्या वेर्ण्याहून फोंड्याला सुटणारी आमच्या कंपनीची पावणेसहाची बस मला एकदाही मिळाली नाही. औषधांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात मी १९ वर्षं आहे. मे महिन्यात मला त्या विभागाची प्रमुख केलं आणि दुसऱ्याच आठवड्यापासून मी रात्री नऊला घरी पोचू लागले. मुलगी वहीवर डोकं ठेवून झोपलेली असायची. सासूबाई दारातच विचारायच्या, "आयज लेगीत उसर?" (आजसुद्धा उशीर?) त्यांच्या आवाजात राग नसायचा, काळजी असायची, म्हणून ते जास्त लागायचं.

हे आता लिहायचं कारण म्हणजे लाइफ कोच, म्हणजे प्रश्न विचारून आपली अडचण आपल्यालाच सोडवायला मदत करणारं माणूस, घ्यावा का, असं गेल्या महिनाभरात मला तीन मैत्रिणींनी विचारलं आणि तिघींनाही मी फोनवर अर्धवटच सांगितलं.

पहिल्यांदा मी गेले ती लाइफ कोच म्हणवणाऱ्या एकाच्या, हॉटेलातल्या दोन दिवसांच्या कार्यक्रमाला. २८,००० रुपये भरून. अंधार केलेला हॉल, मोठ्या आवाजातलं संगीत, डोळे मिटून बसलेले साठेक लोक आणि माइकवरून बोलणारा एक माणूस. लोक रडले. मीही रडले, बाबांच्या आठवणीने. ते रडणं खोटं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. पण प्रश्न विचारायला कुणी उभं राहिलं की त्या माणसाकडे दोन मिनिटांत उत्तर तयार असायचं. नोकरी सोडा. त्या नात्यातून बाहेर पडा. कर्ज काढा, पण धंदा सुरू करा. समोरच्याच्या घरात कोण आहे, पदरी काय आहे, याची चौकशीसुद्धा नाही. रविवारी संध्याकाळी पुढच्या टप्प्याची फी जाहीर झाली, दीड लाख, आजच नाव दिलं तर सवलत. "घरी विचारून सांगते" म्हणणाऱ्यांना सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं की हीच तुमची मर्यादा. माझ्या शेजारी लोणची-पापड करून विकणारी एक बाई होती. तिने हप्त्यांवर पैसे भरले. मी तिला थांबवलं नाही, याची खंत मला आजही आहे.

बुधवारी मी पुन्हा रात्री नऊपर्यंत ऑफिसात होते.

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. लहानपणापासून आपण सगळे त्याच्यासमोरून जातो. समोर कलंडलेली बाई आणि तिच्यावर पसरलेले त्याचे हात. कांदोळीला १७५६ साली जन्मलेला हा माणूस पॅरिसला गेला आणि संमोहनाचे प्रयोग करू लागला. त्या काळी समजूत अशी होती की झोपवणाऱ्याच्या अंगातून काहीतरी चुंबकीय द्रव समोरच्यात वाहतो. फारियाने ते साफ नाकारलं. जे घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात घडतं, झोपवणाऱ्याकडे वेगळी कसली शक्ती नसते, असं त्याचं म्हणणं होतं. पुतळा बघून वाटतं की सगळं सामर्थ्य त्या हातांत आहे, आणि तो तर नेमकं याच्या उलट सांगत होता. त्या हॉटेलातून घरी आल्यावर मला हे प्रकर्षाने आठवलं.

खरी कोच मला कंपनीकडून मिळाली. नव्याने प्रमुख झालेल्यांना सहा महिने, पंधरा दिवसांतून एकदा, तासभर. पहिली बैठक तिघांची झाली, कोच मॅडम, मी आणि माझे साहेब. कंपनीला यातून काय हवं ते साहेबांनी तिथेच सांगायचं, आणि त्यानंतर माझं-मॅडमचं बोलणं त्यांच्यापर्यंत जाणार नाही, हे तिथेच लेखी ठरलं. या एका कागदामुळे मी पुढे खरं बोलू शकले.

दुसऱ्या बैठकीत मी माझं गाऱ्हाणं मांडलं. हाताखालची मुलं नवीन आहेत, बॅचची कागदपत्रं मी स्वतः पानन् पान बघितल्याशिवाय सही करू शकत नाही, चूक झाली तर औषध घेणाऱ्याच्या जिवाशी गाठ आहे. मला वाटलं, आता त्या म्हणतील की कामं वाटून द्यायला शिका. साहेब हेच म्हणत होते, नवराही हेच म्हणत होता. त्या म्हणाल्या, "कुठली गोष्ट जागेवर असली की तुम्ही पावणेसहाच्या बसमध्ये बसलेल्या असाल?"

मी बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. एक मिनिट तरी गेलं असेल. आपल्याकडे कुणी इतका वेळ गप्प बसत नाही. आपण गप्प झालो की समोरचा आपली गोष्ट सुरू करतो, नाहीतर उपाय सांगतो. शेवटी मीच म्हटलं, "मला जे दिसतं ते माझ्या हाताखालच्या मुलालाही दिसतं, याची खात्री."

"ती खात्री तुम्हाला कशाने होईल?"

याचं उत्तर मला येत होतं, आणि हे मला मोठ्याने सांगावंसं वाटतं. प्रयोगशाळेत नव्या माणसाला आम्ही असाच तपासतो. तोच नमुना त्यालाही द्यायचा, आपणही तपासायचा आणि निकाल जुळवायचे. मग काणकोणचा एक तरुण सहकारी आणि मी, आम्ही दोघांनी २० बॅचची कागदपत्रं वेगवेगळी तपासली. १८ मध्ये त्याला नेमकं तेच सापडलं जे मला सापडलं होतं. एकात तो चुकला. आणि एकात माझ्या नजरेतून सुटलेली तारीख त्याने पकडली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी बसमध्ये बसले. बोरी पुलावरून झुआरीचं पाणी उजेडात दिसलं तेव्हा मला भरून आलं.

हेच कुणी मला सल्ला म्हणून दिलं असतं तर मी दहा कारणं सांगून फेटाळलं असतं. फेटाळलंच होतं की चार महिने.

अशा कोचिंगचं एक मूळ टेनिसच्या मैदानावर आहे हे मला नंतर कळलं. टिमोथी गॅलवे नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाच्या १९७० च्या दशकात लक्षात आलं की मनगट असं धर, पाय तसा टाक हे सांगणं कमी केलं की खेळाडू लवकर सुधारतात. तो त्यांना एवढंच म्हणायचा, चेंडूचा टप्पा पडला की 'टप्पा' म्हणा, रॅकेटला लागला की 'फटका' म्हणा. लक्ष चेंडूवर गेलं की हात आपोआप जुळून येत. पुढे जॉन व्हिटमोर या इंग्रज माजी मोटार-शर्यतपटूने ही रीत कंपन्यांत नेली.

आणखी एक गोष्ट मला त्या बैठकांतून मिळाली. मॅडम 'का' असं कधी विचारत नसत. आमच्या क्वालिटीच्या धंद्यात तर 'का' हाच मंत्र. गोळीचं वजन कमी भरलं, का? पावडर नीट उतरत नव्हती, का? तिच्यात ओलावा होता, का? अशा पाच पायऱ्या उतरलं की खरं कारण हाती लागतं. यंत्राच्या बाबतीत ते बरोबरच आहे. पण माणसाला "का केलंस?" विचारलं की तो तपास सोडून स्वतःचा बचाव करू लागतो. हे लक्षात आल्यावर मी घरी मुलीला "गणितात मार्क का कमी?" विचारायचं थांबवलं. "पेपर लिहिताना कुठे अडलीस?" असं विचारलं. ती म्हणाली, "अडले नाही, शेवटची दोन पानं उरली तेव्हा बेल झाली." वर्षभर आम्ही तिला नवीन शिकवणी शोधत होतो आणि तिला हवा होता घड्याळ लावून लिहिण्याचा सराव.

पाचव्या बैठकीत मी सहज बोलून गेले की बाबा गेल्यापासून रोज पहाटे तीनला जाग येते आणि जगण्यात अर्थ वाटत नाही. मॅडमनी तिथेच काम थांबवलं. "हे माझ्या कामाच्या बाहेरचं आहे," त्या म्हणाल्या, "आणि मी यात हात घातला तर तुमचं नुकसान करीन." बांबोळीला मानसोपचार संस्थेत जायचा धीर करायला मला दोन दिवस लागले, कारण आपल्याकडे 'बांबोळीला गेली' या शब्दांना अजून डाग आहे. गेले, औषध घेतलं, आता झोपते. ज्या कोचला कुठे थांबायचं हे कळतं तोच कोच, असं मी तेव्हापासून मानते. मध्यरात्री कुणाला गरज पडली तर १४४१६ ही मानसिक त्रासासाठीची टेली मानस नावाची सरकारी फोनसेवा आहे, फुकट आणि चोवीस तास.

म्हणून कोच शोधताना कसोशीने विचारा. आपल्या देशात कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही. मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला रिहॅबिलिटेशन कौन्सिल या सरकारी परिषदेकडे नोंदणी करावी लागते, कोचला असलं काही नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ पासूनची संस्था प्रमाणपत्र देते. सर्वांत खालच्या पातळीलाही निदान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग लागतं, त्याच्या पुढच्या पातळीला १२५ आणि ५००. कागदाने माणूस चांगला होतो असं नाही, पण तास मोजलेले असतात. मी तर थेट विचारीन, तुमच्या कामावर देखरेख कोण ठेवतं? आपल्याच गोव्यात संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण रीतसर शिकवलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर ६ ते ८ बैठकांचा उपचार करवला. तो गुणकारी ठरल्याचं २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मोठी पदवी नसली तरी चालतं, पण शिक्षण, ठरलेली पद्धत आणि देखरेख यांना पर्याय नाही. आणि पहिल्याच भेटीत जो तुमच्यापेक्षा जास्त बोलेल त्याला पैसे देऊ नका.

आता त्या तिघी. पहिलीला दोन नोकऱ्यांतून एक निवडायची आहे आणि ती वर्षभर घुटमळते आहे. तिला मी म्हटलं, जरूर घे कोच, चार बैठका पुरतील. दुसरी जेवत नाही, झोपत नाही, तिला बांबोळीला घेऊन मीच गेले.

तिसरीची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहे. भाऊ मुंबईला, फोन करून विचारपूस करतात. ती मला म्हणाली, "कोच घेतला तर माझी सहनशक्ती वाढेल का गं?" मला फार वाईट वाटलं. तिची सहनशक्ती कमी पडलेली नाही. सगळा भार तिच्या एकटीवर टाकला गेलाय, आणि तो हलका करण्याचं काम तिच्याच मनावर सोपवणं मला अन्याय वाटतो. तिला प्रश्न विचारणाऱ्यापेक्षा आठवड्यातून दोन रात्री आईजवळ झोपणारं माणूस हवं आहे. तिच्या धाकट्या भावाशी मी बोलले. येत्या रविवारी तो येतोय. मीही सकाळच्या बसने जाणार आहे, आणि त्याच्यासमोर बसून कुठल्या रात्री कुणाच्या, ते कागदावर लिहून घेणार आहे.