उतरणाऱ्यांनी पुढे व्हा

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी साडेसहाला योगासनांचा वर्ग भरतो. २१ जूनच्या आसपास हवेतच एक उत्साह असतो, त्या भरात मी नाव घातलं. आता नोव्हेंबर उजाडलाय. पाच महिने घाम गाळून मला कळलंय ते एवढंच, की आसनात शिरणं जमतं, थोडा वेळ टिकणंही जमतं. तिथून बाहेर येताना मात्र अब्रू जाते.

अर्धचंद्रासनच घ्या. आधी त्रिकोणासन. मग उजवा गुडघा वाकवायचा, उजवा हात पावलाच्या फूटभर पुढे टेकवायचा आणि डावा पाय उचलून जमिनीला समांतर आणायचा. डावा हात छताकडे. अशी मी चार सेकंद राहते, आणि त्या चार सेकंदांत मला स्वतःबद्दल भलताच आदर वाटतो. मग मॅडम म्हणतात, "आता सावकाश खाली या." यातलं 'सावकाश' त्यांचं, 'खाली' माझं. पहिल्यांदा माझा पाय नारळ पडावा तसा पडला. हॉलच्या खाली पार्किंग आहे. वॉचमनने दुपारी काळजीने विचारलं, "मॅडम, सकाळी वर कपाट सरकवलं का?"

वृक्षासनात तर मी एकटी पडले नाही. मॅडमनी सांगितलं होतं, नजर एका बिंदूवर खिळवा. मी ती पुढच्या बाईंच्या अंबाड्यातल्या आकड्यावर खिळवली. त्यांनी त्यांच्या पुढच्या काकूंच्या मानेवर खिळवली असावी. पहिल्या ओळीत कोणाला तरी शिंक आली आणि ती शिंक आकड्याआकड्यांतून प्रवास करत थेट माझ्या घोट्यापर्यंत पोचली. बिंदू न हलणारा हवा, हे सांगायचं राहून गेलं होतं म्हणे. तेव्हापासून मी स्विचबोर्डकडे बघते.

आमच्या घरी विज्ञानाचं खातं ह्यांच्याकडे आहे. "अगं, तोल कानात असतो," चहा ओतता ओतता हे म्हणाले. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका, त्यांत द्रव. डोकं वळलं की द्रव हलतो. एक खबर कान देतो, एक डोळे, एक तळपाय आणि घोटे. "तू उतरताना मान झटकन फिरवतेस. खबरांचा मेळ बसत नाही." मी म्हटलं, डोळे मिटून एका पायावर उभे राहून दाखवा बरं. ह्यांनी तीनपर्यंत मोजलं. चारला फ्रीजचं हँडल हातात होतं.

तरी हार मानतील तर हे कसले! मागे भिगवणला आम्ही रोहित पक्षी बघायला गेलो होतो, त्याची आठवण काढून म्हणाले, २०१७ साली संशोधकांनी मेलेला रोहित एका पायावर उभा करून पाहिला, तर तो उभा राहिला. दोन पायांवर मात्र राहीना. म्हणजे मलाही कधीतरी जमेल, फक्त अट जरा कडक आहे.

खरा गुरू भेटला स्वारगेट-कात्रज बसमध्ये. मी दांडा दोन्ही हातांनी धरून ताठ उभी, आणि प्रत्येक ब्रेकला शेजारणीच्या पिशवीत. कंडक्टर मात्र कशालाही न धरता तिकिटं फाडतोय, सुट्ट्यांवरून भांडतोय. मी त्याच्या गुडघ्यांकडे बघत बसले (उभीच होते, पण बघत बसले). गुडघे सैल होते. ब्रेक लागला की आधी ते वाकत, धक्का तिथेच जिरे, वर माणूस शाबूत.

दुसऱ्या दिवशी मॅडमना हे सांगितलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. पाच महिने त्या तेच सांगत होत्या म्हणे: उतरताना आधी नजर जमिनीवर, मग टेकलेल्या पायाचा गुडघा वाकवा, आणि मग वरचा पाय, ज्या वाटेने गेला त्याच वाटेने, मागे लांब. आणि हाताखाली वीट घ्या. विटेची मला लाज वाटायची, म्हणजे बघा! ज्या पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी विटा, पट्टे, दोर, खुर्च्या घेऊन माणसांना आसनं शिकवली, त्या पुण्यात मी विटेला नाक मुरडत होते. पांडुरंगालाही वीट लागली, आणि तो तर दोन्ही पायांवर आहे.

परवा वीट घेतली. वर गेले. चार, पाच, सहा सेकंद. नजर खाली आणली. गुडघा सैल केला. डावा पाय मागे जात राहिला, जात राहिला आणि अंगठा कधी टेकला ते मलाही कळलं नाही. आवाज नाही. पार्किंगमध्ये शांतता. मी घामाघूम, पण उभी. वळून बघितलं, कोणी पाहिलं का?

मॅडमनी पाहिलं होतं. "मस्तच!" त्या म्हणाल्या. "आता डावी बाजू."