फोर्ज्ड पिस्टन घातले म्हणजे इंजिन अमर होत नाही

गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘एक लिटरच्या टर्बो गाडीत फोर्ज्ड पिस्टन आणि फोर्ज्ड रॉड घाला, बूस्ट २ बार करा. १०० चे २०० हॉर्सपॉवर, इंजिन फुटणं अशक्य. बीएमडब्ल्यूने रस्त्यावरच्या गाडीच्या ब्लॉकमधून हजार काढले, मग आपण का नाही?’ खाली जोडपत्र: क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीमधली फट) जितका टाइट तितकं इंजिन दणकट, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) उतरवायला जाड हेड गॅस्केट पुरे, आणि रॉड तुटतो तो फक्त हाय आरपीएमला. (फोर्ज्ड म्हणजे ओतून नव्हे, दाबून-ठोकून घडवलेला; रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा; बूस्ट म्हणजे टर्बोने चढवलेला हवेचा जादा दाब.)

आधी ते बीएमडब्ल्यू. ब्लॉकची गोष्ट खरी आहे. १९८३ मध्ये नेल्सन पिकेने ब्रॅबहॅम संघाच्या गाडीतून फॉर्म्युला वनचं विजेतेपद मिळवलं, त्यामागचं दीड लिटरचं चार सिलिंडर टर्बो इंजिन रस्त्यावरच्या गाडीच्या ओतीव लोखंडी ब्लॉकवरच उभारलेलं होतं. पण क्वालिफाइंगला अफाट बूस्ट देऊन चालवलेली ती इंजिनं मोजक्या फेऱ्यांची धनी असत, आणि टाकीत पंपावरचं पेट्रोल नसे, टोल्युइनने भरलेलं खास इंधन असे. आपल्याला त्याच इंजिनावर सोमवारी ऑफिसला जायचंय.

आता ‘फुटणं अशक्य’. हवा दाबली की तापते. बाहेर ४० अंश असताना १ बार बूस्ट दिला आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर कंप्रेसरमधून हवा १३५-१४० अंशांवर बाहेर पडते. २ बारला आकडा दोनशेच्या पुढे जातो. ही हवा थंड करणारा इंटरकूलर कंपनीने बसवलेला तेवढाच राहिला, तर ही तापलेली हवा सिलिंडरमध्ये जाते आणि ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं. हेच नॉकिंग. त्याचा हातोडा फोर्ज्ड पिस्टन ओतीव पिस्टनपेक्षा जास्त वेळ सोसतो, एवढाच फरक. पिस्टन टिकला की मार बेअरिंगवर आणि हेड गॅस्केटवर जातो. दुखणं तेच, फक्त दुसऱ्या खोलीत राहायला गेलं.

सगळ्यात घातक मुद्दा टाइट क्लिअरन्सचा, कारण ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो. फोर्ज्ड पिस्टनमध्ये ‘२६१८’ नावाचा मिश्रधातू खूप वापरतात. त्यात सिलिकॉन नगण्य असतं, म्हणून तो चिवट असतो आणि म्हणूनच जास्त फुगतो. कंपनीच्या पिस्टनचा क्लिअरन्स त्याला दिला, तर तापल्यावर पिस्टन बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, धरतो. जास्त दिला की सकाळी थंड इंजिन खडखडतं आणि मालक मिस्त्रीला शिव्या देतो. खडखड परवडली.

पिस्टनवरच्या रिंगचं तसंच. बलेनो आरएसमधल्या बूस्टरजेट या एक लिटरच्या टर्बो इंजिनाचा बोअर ७३ मिलिमीटरचा. वरच्या रिंगच्या गॅपचा (दोन टोकांमधल्या फटीचा) जड टर्बोसाठीचा ठोकताळा म्हणजे बोअरच्या ०.६ टक्के, म्हणजे सुमारे ०.४४ मिलिमीटर. रिंग बोअरमध्ये घालायची, पिस्टन उलटा करून सरळ आत ढकलायची आणि फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचं माप) सरकवून बघायचा. पानं अडकली की रिंग बाहेर, टोकावर कानस, परत आत. तीन सिलिंडरना अर्धा दिवस जातो. माझ्या ओळखीच्या एका गाडीत हे काम कंटाळा करून सोडून दिलेलं. तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडली आणि दोन रिंगांमधला पिस्टनचा काठ बिस्किटासारखा तुटून आला. पिस्टन अर्थातच फोर्ज्ड होता.

रॉडबद्दलचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त गोंधळ करतं. हाय आरपीएमला रॉड ओढला जातो. या मापाच्या इंजिनात ६५०० आरपीएमला पिस्टनचा हिसका साधारण टनभर असतो, आणि तो बूस्टवर नव्हे, आरपीएमच्या (मिनिटाच्या फेऱ्यांच्या) वर्गावर वाढतो. त्याने रॉडबोल्ट जातात. उलट सिलिंडरमध्ये १०० बारचा दाब झाला तर त्याच ७३ मिलिमीटरच्या पिस्टनवर सव्वाचार टन येतात, आणि रॉड चिरडला जातो. छोटा टर्बो २००० आरपीएमलाच भरतो, तिथे पूर्ण बूस्ट दिला की रॉड वाकतो. म्हणजे घाटात पाचव्या गिअरमध्ये रेटून अॅक्सिलरेटर दाबणारा रेडलाइनला जाणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात. ट्यूनरने खालच्या आरपीएमला बूस्ट कापून ठेवला, तर कंपनीचे रॉडही बरंच सोसतात.

जाड गॅस्केटचं गणित करून पाहिलं. बूस्टरजेटचं कॉम्प्रेशन १०:१. अर्धा मिलिमीटर जाडी वाढवली की ते ९.५ होतं, बस. त्या बदल्यात पिस्टन आणि हेडमधली अरुंद फट, जिच्यामुळे मिश्रण घुसळतं आणि नॉकिंग लांबतं, ती रुंदावते. कॉम्प्रेशन खरंच उतरवायचं तर पिस्टनच तशा आकाराचा घ्यावा. आणि हेडबोल्ट ताण देऊन बसवायचे असतील तर ते एकदाच वापरायचे. जुने परत आवळून २ बारला जाणाऱ्याला माझ्याकडून नारळ.

इंधनावर मेसेज गप्प आहे. पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलमुळे नॉकिंग टाळायला थोडी मदतच होते. पण तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं, म्हणून इंजेक्टर आणि पंप आधी संपतात. वरच्या बूस्टला मिश्रण पातळ झालं (हवेच्या मानाने इंधन कमी पडलं) की पिस्टनचं माथं वितळतं, फोर्ज्ड असो वा नसो. पैसे कमी असतील तर आधी इंटरकूलर, वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) आणि नीट मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग).

इंजिन उघडलंच असेल, तर पहिल्या ५० किलोमीटरनंतर ऑइल काढा, फिल्टर कापा आणि कागदाच्या घड्या उन्हात उघडून बघा. बारीक चंदेरी धूळ दिसली तर ती नव्या रिंग बसताना येतेच. बोटाला टोचणारे तुकडे सापडले तर सुरू करू नका, चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) परत खोला.