काक्को वाया गेला म्हणणाऱ्यांनो

आज एडिसनला एका वाढदिवसाला गेलो होतो. जेवताना आइस हॉकीचा, म्हणजे आमच्या न्यूयॉर्क रेंजर्स संघाचा विषय निघाला आणि त्यांच्या जुन्या खेळाडूबद्दल, कापो काक्कोबद्दल, एकजण म्हणाला, "काक्कोला विकला ते बरंच झालं, वाया गेलेलं पोरगं." यजमानांकडे बघून गप्प बसलो. इथे बसणार नाही.

2019 मध्ये नवे खेळाडू निवडायचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत रेंजर्स सहाव्यावरून दुसऱ्या नंबरवर गेले. नशिबाने हाती लागलेला अठरा वर्षांचा फिनलंडचा पोरगा, आणि पहिल्या दिवसापासून त्याच्याकडून वसुली! टाइप 1 डायबिटीस आणि सीलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लूटेन न चालणारा आजार) सांभाळून तो एनएचएल, म्हणजे आइस हॉकीची सगळ्यात मोठी लीग खेळतो, याचं मोल आमच्या घरात विचारा. माझ्या मुलालाही टाइप 1 आहे. तोही हॉकी खेळतो. सरावाला निघताना दंडावर शुगर मोजणारा सेन्सर, बॅगेत ज्यूस आणि अंगात काक्कोची 24 नंबरची जर्सी.

एकदा सामन्यात माझ्या पोराकडून पक (हॉकीची चकती) सुटला, गोल झाला. कोचने उरलेला सगळा वेळ त्याला बाकावर बसवलं. तीच चूक दोनदा करणारा मोठा मुलगा मात्र खेळत राहिला.

काक्कोचंही हेच झालं. 2022 च्या प्लेऑफमध्ये लाफ्रेनिएर, हिटिल आणि काक्को या तरुण तिकडीने मॅडिसन स्क्वेअर गार्डन, म्हणजे रेंजर्सचं घरचं मैदान, डोक्यावर घ्यायला लावलं, आणि टॅम्पा संघाविरुद्धच्या निर्णायक सहाव्या सामन्यात याला बाहेर ठेवलं. डिसेंबर 2024 मध्ये संघ हरायला लागला, पुन्हा हाच बाहेर. तरुण पोराला काढणं सोपं असतं, असं तो पत्रकारांशी बोलला आणि लगेच सिएटलच्या संघाकडे रवाना!

बदल्यात विल बॉर्गन आणि नवे खेळाडू निवडायचे तिसऱ्या-सहाव्या फेरीचे हक्क (पिक). बॉर्गन कामाचा डिफेन्समन आहे, मान्य. रेंजर्सकडे काक्कोचे 330 सामन्यांत 61 गोल कमीच, तेही मान्य. पण स्वतःच त्याची किंमत उतरवायची आणि पडेल भावात विकायचं, याला व्यवहार म्हणतात? सिएटलने त्याला त्यांच्या बेनिअर्सच्या शेजारी पहिल्या फळीत खेळवलं. त्या मोसमात तिथे 49 सामन्यांत 30 गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून). रेंजर्स प्लेऑफलाही पोचले नाहीत.

बाकावर बसवलं त्या दिवशी माझ्या पोराने घरी येताना गाडीत एवढंच विचारलं होतं, "बाबा, माझी शुगर लो झाली असं वाटलं का त्यांना?" काय सांगणार होतो मी?

असो. काक्को तिकडे सुखाने खेळू दे. इथे रेंजर्सकडे आता गेब पेरो हा तरुण खेळाडू आहे. एखादी चूक झाली तरी त्याला पुढच्या शिफ्टला बर्फावर पाठवा, एवढंच मागणं आहे.