बायोएन्झाइम ओतून नदी शुद्ध होत नाही

‘एक भाग गूळ, तीन भाग फळांच्या साली, दहा भाग पाणी तीन महिने आंबवून नदीत ओता. एक लिटर द्रावण हजार लिटर पाणी शुद्ध करतं, तोटा शून्य.’ ‘बायोएन्झाइम’ म्हणतात त्या या द्रावणाचा हा मेसेज सगळीकडे फिरतोय. आंबवण्याची कृती ठीक आहे, पुढचं नाही.

‘एका लिटरात हजार लिटर शुद्ध’
हिशेब नेमका उलटा आहे. आंबल्यावर गुळातल्या साखरेचं अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्ल होतं. नदीतले जिवाणू ते खातात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. लिटरभर द्रावणाला निदान 50 ग्रॅम ऑक्सिजन लागतो, सालींचा वेगळा. 25 अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे तो जेमतेम 8 मिलिग्रॅम असतो. म्हणजे हे एक लिटर सहा हजार लिटर पाण्यातला ऑक्सिजन संपवू शकतं. बीओडी, म्हणजे जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणतात ती हीच. मळी नदीत सोडली की आपण ओरडतो. हे त्याच जातीचं, फक्त घरी केलेलं.

‘चांगले जिवाणू घाण खातात’
सांडपाण्यात जिवाणूंचा तुटवडा कधीच नसतो. कमी पडतो तो ऑक्सिजन आणि वेळ. शुद्धीकरण प्रकल्पातही जिवाणूच राबतात, पण तिथे ब्लोअरने हवा देऊन ऑक्सिजन लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या आसपास राखतात, पाणी काही तास थांबवतात आणि तळाशी बसलेला जिवाणूंचा गाळ पंपाने पुन्हा टाकीत घेतात. नदीत ओतलेले जिवाणू प्रवाहाबरोबर निघून जातात. शिसं, क्रोमियम, फॉस्फरस ही तर मूलद्रव्यं; ती खाऊन नाहीशी होत नाहीत.

‘वास गेला’
आम्लामुळे अमोनियाचा वास दबतो, कारण तो अमोनियम होऊन पाण्यातच राहतो. अमोनियातला नायट्रोजन पाण्यात तेवढाच.

‘मग मडबॉल टाका’
मडबॉल म्हणजे माती आणि कोंड्यात जिवाणूंचं द्रावण मळून केलेले गोळे. ती माती आणि कोंडा तळाच्या खडीच्या फटी बुजवतात. कित्येक मासे तिथेच अंडी घालतात.

‘तोटा शून्य’
हे तपासायचं तर ऑक्सिजन सूर्योदयाआधी मोजा. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेही तो वापरतं. त्यामुळे दुपारचा आकडा फसवा असतो. ओतण्याच्या जागेच्या वर एक आणि खाली दोन ठिकाणी, आधी आणि नंतर नमुने घ्या. बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा चुकतो.

मेहनत घ्यायचीच तर कोणत्या नाल्यातून किती सांडपाणी येतं ते मोजा आणि ते प्रकल्पाकडे वळवण्याची मागणी लावून धरा. तयार द्रावण पातळ करून कंपोस्टच्या ढिगावर घाला.