अण्णांच्या नावाचं पाकीट

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापतात, पोस्टाची तिकिटं छापतात, स्टॅम्प पेपर छापतात. त्यातलं काही आपल्या पायांनी चालत आमच्या इंदिरानगरच्या घरात आल्याचं ऐकिवात नाही. या शहरात बाकी जे जे म्हणून छापलं जातं, ते मात्र रोज सकाळी सहाला हजर असतं. पेपर उचलला की त्याच्या पोटातून फरशीवर सटासट पडतं. साड्यांचा सेल. दहावीचे क्लास. त्र्यंबक रोडचे एन.ए. प्लॉट, सिंहस्थाआधी बुक करा. सोफा धुऊन मिळेल, गुडघे बदलून मिळतील.

पूर्वीची हँडबिलं तरी परवडायची. पातळ गुलाबी कागद, एका बाजूला मजकूर, मागची बाजू कोरी. आईनं असल्या पाठकोऱ्यांवर वीस वर्षं वाणसामानाच्या याद्या केल्या. आताचा कागद दोन्हीकडून छापलेला आणि गुळगुळीत. त्यावर पेन घसरतं. लसूण सोलावा तर सालं सरळ ओट्याखाली. रद्दीवालासुद्धा दोन बोटांत धरून परत देतो, "हे चालत नाही साहेब. पेपर द्या, हे तुमचं तुम्हाला." मग त्याची पाठवणी घंटागाडीतून.

एका महिन्याची पत्रकं मी साठवून काट्यावर ठेवली. 2 किलो 300 ग्रॅम! मी हादरलो. बायको काट्याकडे बघत म्हणाली, "अहो, महिन्याला एवढं तुमचं उतरलं असतं तर?" पर्यावरणाच्या कार्यकर्त्याला घरून असाच पाठिंबा मिळतो.

पेपरवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "काका, शेकड्यामागे पैसे मिळतात आम्हाला. पहाटे अंधारात भरतो, तुमचा एक पेपर वेगळा कुठं काढू? नको असतील तर परत द्या." मी इमानदारीत परत देऊ लागलो. आठ दिवसांनी कळलं, ती तो शेजारच्या कुलकर्ण्यांकडे टाकतो. त्यांना आता प्रत्येक प्लॉट दोनदा घ्यायची संधी होती.

मग फाटकाला पाटी लावली, 'कृपया पत्रके टाकू नयेत'. चौथ्या दिवशी पाटीच्याच मागे एक पत्रक खोचलेलं, 'सर्व प्रकारच्या पाट्या व बोर्ड बनवून मिळतील'. फोनवरच्या जाहिराती थांबवायला 1909 हा नंबर तरी आहे. कागदासाठी कुठला फिरवायचा?

पण हे सगळं फुटकळ. खरं प्रकरण होतं अण्णांचं पाकीट.

अण्णांनी कधीकाळी एका कंपनीचे पन्नास शेअर घेतले होते. अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली, तरी दर ऑगस्टमध्ये त्यांच्या नावानं कंपनीचा वार्षिक अहवाल येतो. अडीचशे पानं, जाड कव्हर, आणि उघडल्या उघडल्या विनंती : झाडे वाचवा, ई-मेल नोंदवा. अहवाल ई-मेलनं पाठवायची मुभा सरकारनं 2011 सालीच दिली आहे. म्हटलं, हे सोपं. ई-मेल केला. उत्तर आलं, भागधारकाची मूळ सही हवी.

भागधारक फोटोत, हार घालून. तसं कळवलं. मग यादी आली. मृत्यूचा दाखला, वारसांचे अर्ज, माझं पॅन, आईचं आधार, बँकेचा रद्द केलेला चेक, सगळ्याच्या साक्षांकित प्रती, शिवाय स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र. तो स्टॅम्प पेपर अर्थात नाशिकरोडचाच. आला एकदाचा घरात, पण विकत. नोटरीपाशी दोन दुपारी गेल्या. एक कागद वाचवण्याच्या नादात एकूण 41 पानं झाली. ती स्पीड पोस्टानं रवाना केली.

आईला यातलं काही रुचलं नव्हतं. आधारची झेरॉक्स देताना ती एवढंच म्हणाली, "बंद कशाला करतोस? वर्षातनं एकदा त्यांच्या नावानं हाक येते दारात." मी तिला जंगलतोड समजावून सांगितली. तिनं ऐकून घेतली.

परवा पोस्टमननं हाक मारली. अण्णांच्याच नावानं. हातात दोन पाकिटं, सारख्याच जाडीची. एक अण्णांचं, एक माझं. माझ्यात अडीचशे पानांचा अहवाल आणि वर आभाराचं पत्र : आपण पर्यावरण रक्षणाच्या कार्यात सहभागी झाल्याबद्दल.

आईनं अण्णांचं पाकीट पदरानं पुसलं आणि कपाटात आधीच्या आठांवर नीट ठेवलं.

"तुझं ते रद्दीत घाल," ती म्हणाली.