बुरा पुसलेल्या खोबऱ्याचे पुढे काय होते

कोकणात पाऊस ओसरू लागला की घरोघरी डबे उघडून बेगमीचे सामान उन्हात घातले जाते, आणि त्यात बुरा आलेले जे काही हाती लागते त्याचे काय करायचे हे जवळजवळ ठरलेलेच असते. सुक्या खोबऱ्याच्या वाटीत पोपटी-हिरवट थर दिसला तर तो कोरड्या फडक्याने पुसायचा, वाटीला तेलाचा हात लावायचा, खळ्यात दोन-तीन तास ऊन द्यायचे आणि वाटी पुन्हा डब्यात टाकायची. फारच खराब असेल तर ती घाण्याला पाठवायची. शेंगदाण्यांतले काळपट, सुरकुतलेले दाणे कोंबड्यांपुढे टाकायचे आणि पोत्याच्या तळाशी ओल लागून गोळा झालेली कणी गुरांच्या आंबोणात मिसळायची. आपल्या घरात काहीही वाया जात नाही, याचा आपल्याला अभिमान असतो. माझे स्पष्ट मत आहे की या काटकसरीने विष नाहीसे होत नाही, त्याचा फक्त पत्ता बदलतो.

पुसून जाते ती डोळ्यांना दिसणारी बुरशी. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढताना जे अफ्लाटॉक्सिन तयार करते ते दाण्याच्या आत उतरते, आणि ते ना दिसते ना त्याला वास येतो. भात शिजवण्याच्या किंवा दूध उकळण्याच्या उष्णतेला ते दाद देत नाही. त्याचे विघटन होण्यास दोनशे अंशांहून बरेच अधिक तापमान लागते. प्रत्येक बुरशी हे विष करतेच असे नाही, हे खरे आहे. परंतु कोणती करते आणि कोणती नाही हे पडवीत बसून ठरवता येत नाही. यकृताच्या कर्करोगाशी असलेल्या संबंधामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात असे सिद्ध झालेल्या पदार्थांत ठेवले आहे, आणि ज्याला हिपॅटायटिस बी आहे त्याच्या बाबतीत हा धोका अनेक पटींनी वाढतो.

हे विष प्रथम ध्यानात आले तेच मुळी पशुखाद्यातून. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि शोध घेता घेता माग ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचला. आपल्याकडे 1974 साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या भागांत अवेळी पावसात भिजलेला मका खाऊन कावीळ आणि जलोदराची साथ आली. नोंदल्या गेलेल्या 397 रुग्णांपैकी 106 दगावले. त्याच घरांतले उरलेसुरले खाणारी कुत्रीही आजारी पडली होती. भिजलेला मका खाणारे लोक गरीब आदिवासी होते आणि घरात दुसरे धान्य नव्हते, हे सांगितल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही.

घाण्याचा हिशेबही असाच आहे. बुरा आलेल्या खोबऱ्यातले विष थोडेफार तेलात येते. कारखान्यात शुद्धीकरणाच्या प्रक्रियेत ते बहुतांश निघते, पण घाण्याच्या तेलावर ती प्रक्रिया होत नाही. उरलेला मोठा वाटा पेंडीत जातो, पेंड गाईला जाते, आणि गाईच्या शरीरात त्याचे रूपांतर होऊन त्याचा काही अंश एक-दोन दिवसांत दुधात उतरतो. आपल्या देशात धान्यासाठी अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे 15 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे साधारण 67 टन धान्यात एक ग्रॅम. दुधासाठी ती याहून कडक, किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. घरची गाय, घरची पेंड, घरचे दूध म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि नेमके हेच दूध कोणी तपासत नाही.

बायका सुपात घेऊन दाणे निवडतात ते काम मात्र खरोखर मोलाचे आहे. हे विष पोत्यात सारखे पसरलेले नसते. थोड्याच खराब दाण्यांत ते एकवटलेले असते, त्यामुळे सुरकुतलेले, रंग बदललेले आणि फुटके दाणे वेगळे काढले की पुष्कळसा धोका टळतो. अट एकच, की निवडून काढलेले खराब दाणे कोंबड्यांना न घालता खड्ड्यात पुरावेत.

जुन्या माणसांना यातले काही ठाऊक नव्हते असे नाही. डोंगरउतारावर पिकणारे हरीक हे भरडधान्य खाऊन कधी कधी भोवळ येते, हे कोकणात पूर्वीपासून माहीत होते. 2024 च्या ऑक्टोबरअखेर मध्य प्रदेशातील बांधवगडमध्ये दहा हत्ती मेले. ते कोदोच्या शेतात चरले होते आणि तपासणीत सायक्लोपियाझोनिक आम्ल हे बुरशीजन्य विष आढळले. कोदो म्हणजे आपला हरीकच. आज भरडधान्ये पौष्टिक म्हणून शहरात चढ्या भावाने विकली जात असताना ती वाळवली कशी, हे विचारणारा ग्राहक मला क्वचितच भेटतो.

कोकणातली खरी अडचण वाळवणीची आहे. हळवे, म्हणजे लवकर पिकणारे, भात कापणीला येते तेव्हा परतीचा पाऊस डोक्यावर असतो. कापलेल्या भातात वीस टक्क्यांहून अधिक ओलावा असू शकतो आणि साठवणीसाठी तो 14 टक्क्यांच्या आत आणावा लागतो. सरकारी भात खरेदीत 17 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, म्हणून तेवढ्यावर समाधान मानून कणगी भरणे योग्य नव्हे. दाताखाली दाणा कट्कन तुटला म्हणजे वाळला, ही परीक्षा उघडीप असलेल्या वर्षी ठीक आहे. आभाळ आठवडाभर भरून राहिले तर शेतकऱ्याने काय करावे? त्याला स्वच्छतेची पत्रके वाटून उपयोग नाही. कोळंबीच्या प्रकल्पांना आणि काजूच्या कारखान्यांना अनुदान मिळते, मग दोन-चार वाड्या मिळून वापरता येईल असे भात वाळवण्याचे यंत्र आणि ओलावा मोजण्याचे छोटे उपकरण विविध कार्यकारी सोसायटीकडे असावे, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. खोबऱ्यालाही तेच यंत्र चालेल असे नाही. त्यासाठी पारदर्शक प्लास्टिकचे सौर वाळवणघर पुरते, आणि त्याचा खर्च एखाद्या बचत गटाच्या आवाक्यातला असतो.

आमच्या सोसायटीच्या पुढील सभेत हा विषय मांडण्याचे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडात ज्यांच्या गावी असे यंत्र चालू असेल त्यांनी त्याचे भाडे, इंधनाचा खर्च आणि एका दिवसात किती भात वाळते, हे येथे कृपया लिहावे.